'कबुली' की 'पत्करणे'? एका जर्मन नावाचे मराठी

हिटलरच्या काळातील जर्मनीवरच्या एका मराठी लेखात 'कबुलीजबाब देणारे चर्च' असा उल्लेख वाचून एका वाचकाने विचारले आहे, की या चर्चने नेमका कोणता गुन्हा कबूल केला होता. गुन्हा कोणताच नव्हता. घोटाळा भाषांतराचा आहे आणि तो इंग्रजीच्या वाटेने आला आहे.

मूळ नाव 'बेकेनेन्डे किर्शे'. 'किर्शे' म्हणजे चर्च, आणि हे नाव चर्चमधल्या नाझी विचारांना विरोध करणाऱ्या जर्मन प्रॉटेस्टंटांच्या चळवळीचे. पाद्र्यापुढे पापे सांगण्याला जर्मनमध्ये 'बाइश्टे' असा निराळा शब्द आहे. 'बेकेनेन'चा धर्मातला मुख्य अर्थ आपला विश्वास चारचौघांत उघडपणे सांगणे असा होतो. इंग्रजीत दोन्हींना 'कन्फेस' चालते. मराठीत 'कबूल' या शब्दाला स्वतःचा असा अपराधाचा वास नाही, कारण लग्नाला यायचेही आपण कबूल करतोच. पण त्याची 'कबुली' झाली की ती थेट पोलीस चौकीत जाऊन बसते.

मराठी बायबलमध्ये याला एक सुरेख क्रियापद आधीपासून आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, की जो मला माणसांसमोर 'पत्करील' त्याला मीही आपल्या स्वर्गातील पित्यासमोर पत्करीन. त्याच्या लगेच पुढच्या वचनात 'नाकारील' येते. या जोडीमुळेच मला हा शब्द इथे नेमका वाटतो.

कारण १९३३ साली जर्मन प्रॉटेस्टंट मंडळींपुढे प्रश्न हाच होता. 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या नाझीधार्जिण्या गटाने (हे गटाचे नाव आहे, राष्ट्रीयत्व नव्हे, भाषांतरात ते अवतरणचिन्हांतच ठेवावे) त्या जुलैतल्या चर्चच्या निवडणुका जिंकल्या, ज्यूवंशीयांना चर्चच्या पदांवरून दूर करणारे 'आर्य कलम' पुढे रेटले, आणि नोव्हेंबरात बर्लिनच्या सभेत त्यांच्या एका पुढाऱ्याने बायबलचा ज्यूंकडून आलेला पहिला भाग, म्हणजे जुना करारच, टाकून द्या अशी मागणी केली. वंश, राष्ट्र आणि नेता यांतूनही देव बोलतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्याला उत्तर म्हणून लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त या प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळींचे प्रतिनिधी मे १९३४च्या अखेरीस पश्चिम जर्मनीतील बार्मेन येथे जमले. 'बेकेनेन्डे किर्शे' ती हीच. तेथे मंजूर झालेल्या जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांचा होता. त्यात सहा कलमे आहेत, आणि प्रत्येकात आधी बायबलमधील वचन, मग त्यावर आधारलेले विधान, आणि शेवटी 'ही खोटी शिकवण आम्ही नाकारतो' असे येते. पहिले कलम सांगते, की जगताना आणि मरताना आम्ही ऐकावे, भरवसा ठेवावा आणि आज्ञा पाळावी असा देवाचा एकच शब्द आहे, तो म्हणजे येशू ख्रिस्त. पत्करणे आणि नाकारणे एकाच कलमात शेजारी बसलेले आहेत. 'कबुली'ला असा जोडीदार मिळत नाही.

'पत्करणे'वर एक आक्षेप खरा आहे. आपण धोका पत्करतो तशी शरणागतीही पत्करतो. शिवाय हे क्रियापद कर्मावाचून लंगडे पडते. म्हणून 'ख्रिस्ताला पत्करणारी मंडळी' असे पूर्ण लिहावे, आणि पुढे नुसते 'बार्मेनची मंडळी' म्हटले तरी चालेल. 'मंडळी' शब्दाने घरी जमलेले पाहुणे आठवतील हे मान्य. पण मराठी प्रॉटेस्टंटांचा तो रोजचा शब्द आहे, आणि 'चर्च'ने इमारत डोळ्यांपुढे येते त्यापेक्षा तो बरा.

'कबुली'ला मात्र याच इतिहासात एक हक्काची जागा आहे. बार्मेनच्या जाहीरनाम्यात ज्यूंचा उल्लेखच नाही, आणि ही आपली चूक असल्याचे बार्थ यांनी पुढे स्वतः लिहिले. ऑक्टोबर १९४५मध्ये स्टुटगार्टला जर्मन प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी जे निवेदन केले त्याला 'शुल्डबेकेंटनिस' म्हणतात. 'शुल्ड' म्हणजे अपराध, तेव्हा इथे 'अपराधाची कबुली' हेच योग्य. त्या कबुलीतील पहिलाच दोष पुन्हा 'बेकेनेन' वापरून सांगितला आहे, आणि मराठीत तिथे दोन शब्द लागतातच: आम्ही अधिक धैर्याने पत्करले नाही, अशी त्यांनी कबुली दिली.