चौदा क्रमांकाची जर्सी आणि खाड्याचा पगार

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आली आहेत. तिन्ही पत्रांचा विषय जवळपास एकच आहे, म्हणून त्यांची उत्तरे सलग देत आहे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दर शनिवारी दुपारी एकत्र बसून ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचे सामने मोबाइलवर पाहतो. आमच्यात एक वाद महिनाभर चालू आहे. माझ्या मित्राच्या मते जो खेळाडू आज फुलबॅक, उद्या हूकर आणि परवा राखीव बाकावर असतो, त्याचे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असेच होते. मला मात्र असा खेळाडू संघाचा खरा आधार वाटतो. आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आपल्या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु आपण दोघे बहुधा दोन वेगळ्या प्रकारच्या खेळाडूंविषयी बोलत आहात. ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रग्बी लीगमध्ये प्रत्येक संघाचे 13 खेळाडू मैदानात असतात, सामना 80 मिनिटांचा असतो आणि चेंडू हाती असलेल्या संघाला सहा वेळा पकडले जाईपर्यंत पुढे सरकण्याची संधी मिळते. प्रत्येक जागेचा जर्सी क्रमांक परंपरेने ठरलेला आहे : 1 म्हणजे सर्वांत मागे राहून बचाव सांभाळणारा फुलबॅक, 6 आणि 7 म्हणजे डाव रचणारे दोन हाफ, 9 म्हणजे प्रत्येक पकडीनंतर चेंडू उचलून खेळ सुरू करणारा हूकर. क्रमांक 14 हा बाकावरचा पहिला क्रमांक आहे, आणि आपला वाद प्रत्यक्षात या जर्सीविषयीचा आहे.

एका सामन्यात वापरता येणारे राखीव खेळाडू सर्वसाधारणपणे चारच असतात, आणि ऑस्ट्रेलियातील एनआरएल या मुख्य स्पर्धेने 2016 मध्ये सामन्यातील अदलाबदलींची संख्या 10 वरून 8 वर आणली. पुढच्या फळीतील धिप्पाड खेळाडू लवकर दमतात, त्यामुळे त्या चारपैकी तीन जागा बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच खर्ची पडतात. उरलेल्या एका जागेवर असा माणूस लागतो, जो हूकर जखमी झाला तर हूकर होईल, हाफ लंगडू लागला तर हाफ होईल आणि फुलबॅकला बाहेर जावे लागले तर थेट मागे जाऊन उभा राहील. अशा खेळाडूवाचून कोणत्याही प्रशिक्षकाचे चालत नाही. तरीही त्या खेळाडूची स्वतःची जागा कोणती, या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा त्याला स्वतःलाही देता येत नाही.

सोलापूरच्या वाचकांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नसावी. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढच्या सर्व गिरण्यांपर्यंत या शहराने ‘बदली’ हा शब्द चांगलाच ओळखला आहे. बदली कामगार भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या दारात येऊन थांबे, ज्या खात्यात माणूस कमी असेल त्या खात्यात त्याला पाठवले जाई आणि वर्षे लोटली तरी त्याचे नाव कायम कामगारांच्या यादीत चढेलच असे नसे. चौदा क्रमांकाच्या खेळाडूला लाखोंचा मोबदला मिळतो, त्यामुळे ही तुलना पोटापाण्याच्या बाबतीत लागू पडत नाही. मात्र आपण सर्वत्र उपयोगी असूनही आपली म्हणून एक जागा नसणे, ही खंत त्याच जातीची आहे.

म्हणून मी या अष्टपैलूपणाचे दोन प्रकार मानतो. पहिल्या प्रकारात खेळाडू एका जागेवर पूर्ण प्रभुत्व मिळवतो आणि त्यानंतर संघाच्या गरजेसाठी दुसऱ्या जागेवर जातो. डॅरेन लॉकियर याचे सर्वोत्तम उदाहरण आहे. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या एकाच क्लबसाठी 1995 ते 2011 या काळात 355 सामने खेळलेला हा खेळाडू जगातील अव्वल फुलबॅक मानला जात असताना 2004 मध्ये सहा क्रमांकाच्या जागेवर आला. सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूला मिळणारा गोल्डन बूट पुरस्कार त्याने 2003 मध्ये फुलबॅक म्हणून जिंकला होता आणि 2006 मध्ये तोच पुरस्कार नव्या जागेवर खेळून पुन्हा जिंकला. त्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली ब्रिस्बेनने विजेतेपदही मिळवले. त्याच्याही आधीच्या पिढीत इंग्लंडचा एलरी हॅन्ली विंग, सेंटर, स्टँड-ऑफ आणि लूझ फॉरवर्ड या सर्व जागांवर खेळला, आणि 1986-87 च्या एका हंगामात त्याने एकूण 63 ट्राय केले (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे). अशा खेळाडूंना चिंध्यांची उपमा आपला मित्रही देणार नाही.

दुसऱ्या प्रकारात खेळाडूला एक जागा पक्की होण्याआधीच सगळीकडे फिरवले जाते. न्यूकॅसल नाइट्सचा कर्ट गिडली फुलबॅक, हाफ आणि हूकर अशा तिन्ही जागा खेळला. क्लबमध्ये तो कर्णधार होता, परंतु न्यू साउथ वेल्स राज्याच्या संघात त्याला अनेकदा बाकावरूनच उतरवले गेले. 2001 ते 2015 या काळात नाइट्ससाठी 251 सामने खेळलेल्या या माणसाला जर सुरुवातीपासून एकच जागा मिळाली असती तर तो आणखी मोठा झाला असता का, याचे उत्तर देता येणार नाही. परंतु अष्टपैलू असण्याची किंमत संघापेक्षा खेळाडूच अधिक मोजतो, हे माझे ठाम मत आहे. आपल्या मित्राचा आक्षेप मला म्हणूनच पटतो, फक्त तो खेळाडूवर घेण्याऐवजी त्याला फिरवणाऱ्यांवर घ्यायला हवा.

प्रश्न : माझे वडील गिरणीत तीस वर्षे एकाच साच्यावर उभे राहिले. ज्या क्लबने लहानपणापासून घडवले, तो क्लब अधिक पैशांसाठी सोडणारे खेळाडू पाहिले की मला संताप येतो. पूर्वीची निष्ठा आता खेळांत उरलेली नाही, असे आपल्याला वाटत नाही का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपल्या संतापामागची भावना मी समजू शकतो, परंतु रग्बी लीगच्या बाबतीत तरी इतिहास आपल्या बाजूने नाही, आणि तो इतिहास आपल्या वडिलांच्या आयुष्याच्या फार जवळचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधील लोकरीच्या व सुताच्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत काम करणारे कामगार रग्बी खेळत असत. शनिवारीही कामाची पाळी असे, त्यामुळे सामन्याला जायचे तर खाडा पडे आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. क्लबने निदान बुडालेल्या मजुरीइतकी भरपाई द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या लंडनकडील सधन मंडळींना पैसे घेऊन खेळणे म्हणजे खेळाचा अपमान वाटे, आणि 1893 मध्ये त्यांनी ही मागणी फेटाळली. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड या गिरणगावातील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील वीसहून अधिक क्लब एकत्र आले आणि त्यांनी वेगळी संघटना स्थापन केली. तीच आजची रग्बी लीग. संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू 1906 मध्ये आले, म्हणजे नियम नंतर बदलले. फूट पडली ती खाड्याच्या पैशांवरून. ज्या खेळाचा जन्मच कामगाराच्या बुडालेल्या मजुरीसाठी झाला, त्या खेळातील माणूस आपल्या श्रमाचा दाम मागतो तेव्हा त्याला कृतघ्न म्हणणे मला जमत नाही.

निष्ठेचा भार एकट्या खेळाडूवर टाकणेही मला अन्याय्य वाटते. एनआरएलमध्ये प्रत्येक क्लबच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा आहे, आणि ती ओलांडून खोटे हिशेब ठेवल्याबद्दल मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ची विजेतेपदे 2010 मध्ये काढून घेतली गेली. या मर्यादेमुळे जो संघ जिंकतो, त्याचे खेळाडू महाग होतात आणि ते सर्व एकत्र ठेवणे क्लबला परवडत नाही. पेनरिथ पँथर्सने 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, पण त्याच काळात एपी कोरोइसाउ, विलियामे किकाउ, स्टीव्हन क्रिक्टन, जरोम लुआई असे एकेक मोहरे त्यांना गमवावे लागले. यांपैकी लुआई आणि क्रिक्टन यांच्यासारखे खेळाडू तर पेनरिथच्याच कनिष्ठ संघांतून वर आलेले होते. क्लबच्या तिजोरीत जागा नव्हती म्हणून गेलेल्या माणसाला ‘निघून गेला’ म्हणायचे की ‘जावे लागले’ म्हणायचे, याचा आपण शांतपणे विचार करावा.

याचा अर्थ वाटेल तसे जाणे योग्य आहे, असा मात्र नाही. 2008 मध्ये सनी बिल विल्यम्स हा कँटरबरी बुलडॉग्जशी झालेल्या कराराची कित्येक वर्षे शिल्लक असताना, हंगाम अर्ध्यावर टाकून फ्रान्समधील तुलाँ या क्लबकडे निघून गेला; आपल्या सोबत्यांना तोंडघशी पाडून जाण्याचे समर्थन मी करणार नाही, मग तो खेळाडू कितीही थोर असो. याच्या उलट कूपर क्रॉन्कने मेलबर्नमध्ये करार पूर्ण केला, 2017 चे विजेतेपद जिंकून दिले, कुटुंबासाठी सिडनीला जायचे आहे हे आधीच जाहीर केले आणि मगच तो सिडनी रूस्टर्सकडे गेला. पुढच्याच वर्षी, खांद्याचे हाड मोडलेले असतानाही, तो अंतिम सामन्यात उतरला आणि जुन्या मेलबर्नविरुद्ध जिंकला. मेलबर्नच्या पाठीराख्यांना तो पराभव झोंबला असेलच, पण क्रॉन्कने त्यांना फसवले असे कोणालाही म्हणता येणार नाही.

एकाच क्लबमध्ये आयुष्य घालवणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर कमी नाही, उलट त्यांच्या कथा मला सर्वांत जवळच्या वाटतात. आधीच्या पत्रातील अष्टपैलूपणाचा प्रश्नही इथे येऊन मिळतो, कारण दीर्घकाळ एका क्लबमध्ये टिकलेल्या अनेकांना कधी ना कधी आपली आवडती जागा सोडावी लागली आहे. इंग्लंडमधील लीड्स ऱ्हाइनोज या क्लबचा रॉब बरो अवघा 5 फूट 5 इंच उंचीचा होता आणि सात क्रमांकाची जर्सी हीच त्याची ओळख होती. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याला हूकरच्या जागी आणि बाकावर जावे लागले. दुसऱ्या क्लबमध्ये त्याला आवडीची जागा सहज मिळाली असती, तरी 2001 ते 2017 या काळात तो लीड्ससाठीच खेळत राहिला. 2011 च्या अंतिम सामन्यात बाकावरून उतरून त्याने आपल्याच बाजूच्या मैदानातून धडधाकट बचावपटूंच्या हाताखालून निसटत जो ट्राय केला, तो आपण जमल्यास अवश्य पाहावा.

2019 च्या डिसेंबरात बरोला मोटर न्यूरॉन हा असाध्य आजार झाल्याचे निष्पन्न झाले. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड, जो स्वतः लूझ फॉरवर्ड, स्टँड-ऑफ आणि हूकर अशा तिन्ही जागांवर लीड्ससाठी खेळला होता, त्याने या आजाराच्या रुग्णांसाठी निधी उभा करण्याकरता 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून काढल्या. सात, कारण बरोच्या पाठीवर तो आकडा होता. 2023 मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये बरोची चाकाची खुर्ची ढकलत तो धावला आणि शेवटच्या रेषेपाशी त्याने मित्राला दोन्ही हातांवर उचलून ती रेषा पार केली. जून 2024 मध्ये बरोचे निधन झाले. आपण ज्या निष्ठेविषयी विचारता, ती एका क्लबच्या चार भिंतींत वाढली, हे मी मान्य करतो. तिचा धागा मात्र माणसाने माणसाशी जोडलेला होता, आणि सिनफील्ड तेव्हा लीड्सचा खेळाडू राहिलेलाही नव्हता.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे आणि आमच्या गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळते. सर मला कधी चढाईला पाठवतात, कधी डाव्या कोपऱ्यात उभी करतात. आता शहरातील एका मोठ्या मंडळाने बोलावले आहे. जावे की नको? सरांना काय सांगू?
– एक वाचक, पंढरपूर तालुका

उत्तर : वरची दोन्ही उत्तरे तू वाचलीस तर माझे म्हणणे तुला ओळखता येईल. चढाई आणि पकड ही दोन्ही अंगे येणे कबड्डीत फार मोलाचे आहे. चढाईपटू पाय कुठून काढतो, हे ज्याला स्वतःच्या अंगाने कळते, त्याला घोटा कधी धरायचा हेही लवकर कळते. परंतु निवड करणारे ‘हिला सगळे येते’ असे म्हणून क्वचितच निवडतात. त्यांच्यापुढे कोपरा रिकामा असतो किंवा चढाईपटू हवा असतो. म्हणून सरांपाशी स्वतः बस आणि विचार की त्यांच्या दृष्टीने तुझी मुख्य जागा कोणती आहे. ते जे सांगतील त्याचे कारणही विचार. ती जागा ठरल्यावर सरावाचा मोठा वाटा तिला दे आणि उरलेला वेळ दुसऱ्या जागेला दे.

मोठ्या मंडळाबद्दल म्हणशील तर त्यांना होकार देण्याआधी तीन गोष्टी विचार : तिथे तुझ्या जागेवर आधीच किती मुली आहेत, सरावासाठी रोज जाण्या-येण्याचा खर्च कोण करणार आणि तुझ्या बारावीचे काय होणार. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर अवश्य जा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र चालू हंगामातील सामने गावच्या मंडळाकडून पूर्ण खेळ, कारण तुझ्या भरवशावर सरांनी संघ बांधलेला आहे. मंडळ बदलण्याचा नियम आणि त्याची मुदत जिल्हा संघटनेकडून आईवडिलांना सोबत घेऊन समजून घे. आणि ही बातमी सरांना गावातल्या दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तू स्वतः, शक्यतो या आठवड्यातच, त्यांच्या घरी जाऊन सांग.