वाचकांचे प्रश्न : स्टाउट घातलेली चिली कडू का झाली?

प्रश्न : टेक्सासची चिली, म्हणजे मांस आणि मिरच्यांचा घट्ट रस्सा, प्रथमच घरी केली. गाय-बैलाच्या मांसावर राज्यात बंदी असल्याने एक किलो म्हशीचे मांस आणले. त्यात राजमा, घरचा काळा मसाला आणि स्टाउट बिअरच्या दोन मोठ्या बाटल्या घालून कुकरच्या सहा शिट्ट्या काढल्या. मांस चिवट राहिले, रस्सा पातळ आणि कडू झाला. काय चुकले? मद्य वर्ज्य असलेल्या पाहुण्यांना ही चिली वाढता येईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कडूपणाचे मूळ बिअरमध्येच आहे. स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीसारखी चव जवळजवळ करपेपर्यंत भाजलेल्या जवामुळे येते, त्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या कडू फुलांचा, कडवटपणा मिसळतो, आणि रस्सा आटेल तशी ही कडू चव दाट होत जाते. तुम्ही त्यावर काळा मसालाही घातलात, ज्यात दगडफुलापासून खोबऱ्यापर्यंत सगळे आधीच खरपूस भाजलेले असते. आपल्या रश्शाला तो शोभतो, पण स्टाउटच्या सोबतीला माझ्या मते तो नकोच. किलोभर मांसाला ३३० मिलीलीटर स्टाउट पुरे. मसाल्यासाठी भिजवून वाटलेली ब्याडगी मिरची, भरपूर जिरे, लसूण आणि थोडा ओरेगॅनो घ्यावा. शेवटी सुपारीएवढा गूळ आणि बेताचे मीठ घातले की उरलेला कडवटपणा दबतो. बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिले आहे म्हणून ती स्टाउट ठरत नाही, ती बहुधा जास्त मद्यांशाची साधी लागर, म्हणजे नेहमीची फिकट बिअर असते.

चिवटपणाचे कारण वेळ. म्हशीचे मांस बहुधा वयस्क जनावराचे असते आणि त्यातील चिवट तंतू विरघळून रस्सा गुळगुळीत व्हायला मंद आच व बराच वेळ लागतो. नानसोबत मांसाचा रस्सा, म्हणजे नान-खलिया रांधणाऱ्या तुमच्या शहराला हे वेगळे सांगायला नको. मांडीच्या कोरड्या मांसाऐवजी खांद्याचे किंवा नळीजवळचे घ्यावे, तुकडे थोडे थोडे करून जाड बुडाच्या पातेल्यात तांबूस परतावेत, त्याच पातेल्यात कांदा परतून स्टाउट ओतावी, पाच मिनिटे उकळू द्यावी, आणि मग टोमॅटो, वाटण, मांस व पाणी घालून झाकण किंचित तिरके ठेवून अडीच-तीन तास शिजवावे. कुकरमध्ये वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून रस्सा पातळ राहतो. कुकर वापरायचाच असेल तर मांस मऊ झाल्यावर झाकण काढून आटवावे. टेक्सासमध्ये दाटपणासाठी मक्याचे पीठ लावतात, इथे चमचाभर भाजलेले ज्वारीचे पीठ तेच काम करते.

राजमा टेक्सासच्या जुन्या पद्धतीत नसतोच. हवा असेल तर रात्रभर भिजवून, वेगळा पूर्ण शिजवून शेवटी घालावा, कारण टोमॅटोच्या आंबटपणात तो लवकर मऊ होत नाही आणि अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो.

पाहुण्यांविषयी : उकळल्याने सगळे मद्य उडून जाते हा समज खरा नाही. घातलेल्या मद्यापैकी तासभर शिजल्यावर सुमारे २५ टक्के, अडीच तासांनंतरही सुमारे ५ टक्के उरते. तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे पातेले लावावे आणि स्टाउटऐवजी मांसाच्या रसात अर्धा कप कोरी कॉफी घालावी.