नवीन मत्स्यटाकीतील पाणी चौथ्या दिवशी दुधाळ झाले आहे. सगळे पाणी बदलावे का?

सगळे पाणी बदलू नये. फिल्टर चोवीस तास चालू ठेवावा आणि खाद्य निम्म्यावर आणावे, म्हणजे हा दुधाळपणा बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप निवळतो. उरलेल्या खाद्यावर व विष्ठेवर पोसलेले, पाण्यात तरंगणारे जिवाणू हे त्याचे कारण असते. विष्ठेतून व कुजलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या, माशांना विषारी अशा अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे कमी घातक नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू मात्र फिल्टरच्या स्पंजवर व खडीवर जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात, त्यामुळे टाकी उपसून घासून धुतली की ही घडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. स्पंज नळाखाली तर मुळीच धुऊ नये, कारण पुणे महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन नेमके हेच जिवाणू मारतो. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो हलकेच पिळावा. दुकानदार हातात ठेवतात ती पाणी निवळवण्याची बाटली माझ्या मते अनावश्यक आहे. त्या पैशांत अमोनिया तपासण्याचे किट घ्यावे. मात्र त्या तपासणीत अमोनिया आढळला, किंवा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर क्लोरीन काढलेले पाणी घालून टाकीतील पाव हिस्सा पाणी लगेच बदलावे.