सोलापुरातल्या आमच्या निवासी केंद्रात 28 वर्षांचा बौद्धिक दिव्यांग तरुण चावतो, डोकं आपटतो. नव्या मावशींना काय शिकवावं?

आधी वहीत तीन रकाने भरायला शिकवा: अगोदर काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. दोनेक आठवड्यांत कारण दिसू लागतं. मेमधली दुपार आणि गेलेली वीजही पहिल्या रकान्यात लिहायची बरं का! अंघोळ टाळायला चावत असेल, तर 'थांबा'ची खूण शिकवा आणि त्यानं खूण केली की खरंच थांबा. कार आणि ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली हेच दाखवलं होतं: चावून जे मिळतं तेच खुणेनं मिळालं की चावणं कमी होतं. नुसतं भाषण देऊन हे मावशींना येणार नाही. करून दाखवा, त्यांच्याकडून करून घ्या, चूक तिथल्या तिथं सांगा. चावा बसलाच तर हात ओढायचा नाही, किंचित तोंडाकडेच दाबायचा. ओढला की कातडी फाटते. काचेच्या बांगड्या, सैल ओढणी ड्यूटीवर नको. मात्र हे सगळं अचानक सुरू झालं असेल, तर वहीच्याही आधी डॉक्टरांकडून दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या.