माइकचं नंतर बघू, आधी ती पहिली सहा मिनिटं

पत्राचा सारांश: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार वर्षांपासून आकाशनिरीक्षणाचा नाद आहे. ‘विज्ञान, प्रेरणा आणि बरंच काही’ असा पॉडकास्ट सुरू करायचा आहे. माइक कोणता घेऊ? पैसे कधी मिळायला लागतील? वर्षभर शिक्षण थांबवून पूर्ण वेळ हेच करू का? बाबांचा विरोध आहे. सोबत नमुना म्हणून एक रेकॉर्डिंग पाठवते आहे.

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं 22 मिनिटांचं रेकॉर्डिंग मी इअरफोन लावून दोनदा ऐकलं. पहिली सहा मिनिटं स्वतःची ओळख, पॉडकास्टची ओळख आणि पुढे काय काय येणार यातच गेली. सातव्या मिनिटाला तू म्हणालीस, “सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतूला जोडणारी रेघ तशीच पुढे न्या. त्या दोघांत जेवढं अंतर आहे त्याच्या पाचपट गेलात की ध्रुव.” तिथे मी सरसावून बसले. तुझा पॉडकास्ट तिथून सुरू होतो. आधीचं सगळं काढून टाक. नावातलं ‘प्रेरणा आणि बरंच काही’सुद्धा.

तुझ्या विषयाला आवाजाचंच माध्यम का शोभतं, हे तुला अजून जाणवलेलं दिसत नाही. डोळे अंधाराला नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या उजेडाकडे एकदा पाहिलं की त्यावर पाणी पडतं. म्हणजे आकाश पाहणाऱ्याला व्हिडिओ उपयोगाचा नाही. त्याला कानात बोलणारं कुणीतरी हवं. ते तू हो. महिन्यातून दोन भाग, दहा-दहा मिनिटांचे. नुसत्या डोळ्यांनी आज काय दिसेल, एवढंच. आणि ‘थोडं उजवीकडे’ असं मोघम सांगू नकोस. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश झाकते. ‘तिथून तीन मुठी वर’ म्हटलंस की ऐकणाऱ्याचा हात आपोआप उचलला जाईल.

आता माइक. सध्या तुझा फोन पुरेसा आहे, बिघडवते आहे ती खोली. रिकाम्या भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून तू विहिरीतून बोलल्यासारखी वाटतेस. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोल, पंखा बंद ठेव. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धर. ‘भरणी’ आणि ‘फाल्गुनी’ म्हणताना जो फट्‌कन आवाज आला, तो भ आणि फ बरोबर सुटणाऱ्या हवेचा. तोंड थेट माइकवर नसलं की तो जातो. पुढेमागे माइक घ्यावासा वाटलाच, तर साध्या खोलीत डायनॅमिक माइक बरा. कंडेन्सर माइक आजूबाजूची खुसखूसही टिपतो. सुरुवातीला लावलेलं सिनेमाचं गाणं मात्र आजच काढ. परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, पाच सेकंदांचंही नाही.

खरी मेहनत एडिटिंगची आहे आणि तुझं करिअर घडलंच तर तिथे घडेल. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ते उतरवून घे. स्वतःचं बोलणं कागदावर शब्दशः उतरव आणि ज्या वाक्याशिवाय चालतं ते खोड. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, सगळ्यांचंच तसं होतं, पण नेटाने ऐक. दहा मिनिटांच्या भागाला सुरुवातीला सहज चार-पाच तास लागतील. हे तास मोजून ठेव, कारण शिक्षण सोडायचं की नाही याचं उत्तर त्यांच्यातच आहे: महिन्याला दोन भाग कॉलेज सांभाळून होतात. बाबांचं म्हणणं मला पटतं.

पैशांचं स्पष्ट सांगते. जाहिराती श्रोत्यांची संख्या पाहून येतात आणि ती जमायला वर्षं लागतात. बऱ्याच जणांची कधीच जमत नाही. पण नीट लिहिलेली संहिता, स्वच्छ आवाज आणि नेमकं एडिटिंग ही कौशल्यं दुसऱ्यांनाही हवी असतात. नभोवाणी, ऑडिओबुक, विज्ञान संग्रहालयं, शैक्षणिक संस्था, स्वतः बोलणारे पण एडिटिंग न जमणारे कितीतरी पॉडकास्टर. त्यांच्याकडे काम मागायला जाशील तेव्हा तुझे दहा-बारा तयार भाग हाच तुझा बायोडेटा.

प्रकाशनाची तांत्रिक बाजू अवघड नाही. फाइल एखाद्या होस्टिंग सेवेवर (म्हणजे भाग इंटरनेटवर साठवून ठेवणाऱ्या सेवेवर) चढवायची, ती आरएसएस फीड, म्हणजे नवे भाग अ‍ॅपना आपोआप कळवणारी यादी, तयार करून देते, आणि स्पॉटिफाय, अ‍ॅपल पॉडकास्ट वगैरे अ‍ॅप तिथूनच भाग उचलतात. फक्त तीन भाग हातात तयार असल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नकोस. परीक्षा आली की गाडी अडते, तेव्हा हीच शिल्लक कामी येते.

ध्रुवाचा भाग पुन्हा कर. झाला की एका निरभ्र रात्री बाबांना अंधाऱ्या जागी उभं कर, इअरफोन दे आणि तू मागे गप्प उभी राहा. ते जिथे मान खाली घालतील किंवा “कुठे गं?” म्हणतील, ती जागा लिहून घे. तेवढी वाक्यं बदल आणि मग मला पाठव.