कोळशाच्या राखेच्या रिपोर्टवरून कोळशातली खनिजं ओळखता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दगडी कोळशाच्या एका नमुन्याची राख ३२ टक्के आली. राखेच्या एक्सआरएफमध्ये (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजण्याची चाचणी) सिलिका ५८, अॅल्युमिना २६, आयर्न ऑक्साइड ७, कॅल्शियम ऑक्साइड ३ आणि पोटॅशियम ऑक्साइड १.२ टक्के निघालं. कोळशात एकूण गंधक १.४ टक्के, त्यातलं पायराइटी गंधक (पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजातलं) ०.६ टक्के आणि आर्सेनिक ४० पीपीएम. मग कोळशातल्या खनिजांत ५८ टक्के क्वार्ट्झ (शुद्ध सिलिकेचं खनिज) आणि ७ टक्के हेमटाइट (लोहाचं ऑक्साइड) आहे असं लिहायचं का, आणि आर्सेनिक नेमकं कशात आहे ते कसं शोधायचं?

तसं लिहू नका. राख ही भट्टीत तयार होते, कोळशात ती नसते. एक्सआरएफ फक्त मूलद्रव्यं मोजतं आणि ती ऑक्साइडच्या रूपात मांडायची ही केवळ हिशेबाची पद्धत आहे. तुमच्या ५८ टक्के सिलिकेतली निम्म्याहून जास्त बहुधा क्लेमध्ये, म्हणजे केओलिनाइट, इलाइटसारख्या मातीच्या खनिजांत आहे. हेमटाइट तर जवळजवळ सगळंच भट्टीत तयार झालंय. कोळशात ते लोह पायराइट किंवा सिडेराइट (लोहाचं कार्बोनेट) म्हणून होतं.

राख करताना ८१५ अंश सेल्सिअसला काय होतं ते पाहा. केओलिनाइटमधलं सुमारे १४ टक्के पाणी ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जातं आणि त्याची स्फटिकरचना मोडते. कॅल्साइटचं (कॅल्शियम कार्बोनेटचं) ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड म्हणून उडतं. सिडेराइट त्याचा वायू सोडतं पण लोह ऑक्सिजन घेतं, त्यामुळे निव्वळ घट सुमारे ३१ टक्के. पायराइटचं हेमटाइट होताना सुमारे ३३ टक्के वजन जातं. म्हणून खनिजद्रव्य नेहमी राखेपेक्षा जास्त असतं. किती जास्त, ते कुठलं खनिज आहे त्यावर ठरतं.

इथे राख करण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चूक बहुतेक वेळा इथेच होते. प्रमाण पद्धतीत दगडी कोळसा तासाभरात ५०० अंशांपर्यंत नेतात, तिथे अर्धा तास थांबवतात आणि मग ८१५ वर किमान एक तास ठेवतात. मधला तो अर्धा तास वेळकाढूपणा नाही. पायराइटमधलं गंधक ५०० च्या आतच सल्फर डायऑक्साइड होऊन बाहेर पडायला हवं, तेही कॅल्साइट फुटून चुना (कॅल्शियम ऑक्साइड) मोकळा होण्याआधी. नमुना सरळ तापलेल्या भट्टीत सरकवला, थर जाड ठेवला किंवा भट्टीत हवा खेळती नसली, तर चुना तो वायू पकडतो आणि कॅल्शियम सल्फेट तयार होतं. मग राखेचं वजन वाढतं, एक्सआरएफमध्ये सल्फर ट्रायऑक्साइड दिसतं, आणि कोणीतरी रिपोर्टात ‘जिप्सम आढळलं’ असं लिहून मोकळं होतं. तुम्ही दिलेल्या ऑक्साइडची बेरीज ९५.२ होते. उरलेल्या ४.८ मध्ये टायटॅनियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि सल्फर ट्रायऑक्साइड किती, हे प्रयोगशाळेला विचारा. तुलना करताना आकडे सल्फर ट्रायऑक्साइड वगळून पुन्हा १०० वर आणा.

आता तुमच्याच आकड्यांवरून १०० ग्रॅम कोळशाचा अंदाजी हिशेब करू. ३२ ग्रॅम राखेत सिलिका १८.५६, अॅल्युमिना ८.३२, आयर्न ऑक्साइड २.२४, कॅल्शियम ऑक्साइड ०.९६ आणि पोटॅशियम ऑक्साइड ०.३८ ग्रॅम. सगळं पोटॅशियम इलाइटमध्ये धरू. इलाइटचं रासायनिक सूत्र ठरलेलं नसतं, म्हणून ८ टक्के पोटॅशियम ऑक्साइड, ३० टक्के अॅल्युमिना आणि ५० टक्के सिलिका असं गृहीत धरलं, तर इलाइट ४.८ ग्रॅम. ते १.४४ ग्रॅम अॅल्युमिना आणि २.४ ग्रॅम सिलिका घेतं. उरलेली ६.८८ ग्रॅम अॅल्युमिना केओलिनाइटची. त्यात अॅल्युमिना ३९.५ टक्के असते, म्हणजे केओलिनाइट सुमारे १७.४ ग्रॅम, आणि त्यात सिलिका ८.१ ग्रॅम. उरली साधारण ८ ग्रॅम सिलिका, ती क्वार्ट्झ.

लोहाचं तसंच. पायराइटमध्ये गंधक ५३.४ टक्के, त्यामुळे ०.६ ग्रॅम पायराइटी गंधकाचं पायराइट १.१२ ग्रॅम होतं आणि ते ०.७५ ग्रॅम आयर्न ऑक्साइडचा हिशेब देतं. बाकीचं १.४९ ग्रॅम सिडेराइटचं धरलं तर सिडेराइट २.१६ ग्रॅम. सगळा चुना कॅल्साइटचा धरला तर कॅल्साइट १.७ ग्रॅम. ही बेरीज ३५.२ ग्रॅम होते, आणि किरकोळ ऑक्साइड धरून ३६ च्या आसपास.

पारचं सूत्र (खनिजद्रव्य = १.०८ × राख + ०.५५ × गंधक) तुम्हाला ३५.३ देईल. ते थोडं कमी येतं कारण त्या सूत्रात कार्बोनेटला जागाच नाही. कार्बोनेट जास्त असलेल्या कोळशाला किंग-मॅरीज-क्रॉसली सूत्र वापरावं, पण त्यासाठी कार्बन डायऑक्साइड, क्लोरीन, पायराइटी गंधक, सल्फेट गंधक आणि राखेतलं गंधक वेगवेगळं मोजलेलं लागतं.

एवढं झालं तरी हा हिशेबच आहे, ओळख नव्हे. पोटॅशियम फेल्डस्पारमध्ये किंवा इलाइट-स्मेक्टाइटच्या मिश्र थरांत असू शकतं. चुना डोलोमाइट-अँकेराइटमध्ये किंवा अॅपेटाइटमध्ये असू शकतो. लोहाचा काही भाग अँकेराइट आणि क्लोराइटमध्ये जातो. अॅल्युमिना सिलिकेच्या मानाने फारच जास्त आली तर बोहमाइट हे अॅल्युमिनियमचं खनिज शोधायला हवं. चीनमधल्या जुंगरच्या कोळशात ते मोठ्या प्रमाणात आहे. केओलिनाइटमध्ये सिलिका-अॅल्युमिनाचं वजनी गुणोत्तर १.१८ असतं. त्याच्या खाली आकडा गेला की कान टवकारा.

ओळखीसाठी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) लागतं, आणि ते राखेवर नव्हे. ३२ टक्के राखेचा कोळसा तसाच लावला तरी मुख्य खनिजं दिसतात, पण सेंद्रिय पदार्थाचा रुंद उंचवटा १५ ते ३० अंशांच्या (हे किरणांच्या कोनाचे अंश, तापमानाचे नव्हेत) पट्ट्यात बसतो आणि एक-दोन टक्क्यांची खनिजं त्यात बुडतात. उत्तम उपाय म्हणजे लो-टेंपरेचर अॅशिंग: ऑक्सिजन प्लाझ्मात, २०० अंशांच्या खाली, सेंद्रिय भाग हळूहळू जाळायचा. ही पद्धत १९६५ मध्ये ग्लुस्कोटर यांनी इलिनॉयच्या कोळशांवर वापरून रूढ केली. नमुना ७५ मायक्रॉनच्या खाली, थर पातळ, आणि दर काही तासांनी बाहेर काढून ढवळायचा, नाहीतर वरचा थर राख होऊन खालचा तसाच राहतो. वजन स्थिर होईपर्यंत काही दिवस लागतात. राख हवेतली ओल पटकन शोषते, म्हणून डेसिकेटरमधून काढली की लगेच तोला. जिप्समचं इथे बॅसानाइट (कमी पाण्याचं कॅल्शियम सल्फेट) होतं, ते मूळचं समजू नका. लिग्नाइटमध्ये तर कॅल्शियम सेंद्रिय आम्लगटांना चिकटलेलं असतं. प्लाझ्मात ते सेंद्रिय गंधकाशी जुळून बॅसानाइट नव्यानेच तयार होतं. तिथे आधी अमोनियम अॅसिटेटने धुवून ते आयन काढून टाकावे लागतात.

प्लाझ्मा यंत्र नसेल तर ३७० अंशांना साध्या भट्टीत बराच काळ ठेवून राख करता येते. क्वार्ट्झ, क्ले आणि कॅल्साइट टिकतात, पण पायराइट जळतं आणि सिडेराइटवर भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या नमुन्यात नेमके लोहाचेच प्रश्न आहेत, त्यामुळे मी इथे ही वाट घेणार नाही. त्यापेक्षा कच्चा कोळसा तसाच चालवा.

तांब्याच्या नळीच्या एक्सआरडीवर केओलिनाइट १२.४ अंशांना, इलाइट ८.८, क्वार्ट्झ २६.६, कॅल्साइट २९.४, डोलोमाइट ३१ च्या जवळ, सिडेराइट ३२ आणि पायराइट ३३.१ व ५६.३ अंशांना दिसतं. १२.४ चं शिखर क्लोराइटचंही असू शकतं. २ मायक्रॉनखालचा भाग काचेवर बसवून ५५० अंशांना तापवा: केओलिनाइटचं शिखर नाहीसं होतं, क्लोराइटचं १४ अँगस्ट्रॉमचं राहतं. स्मेक्टाइट ओळखायला एथिलीन ग्लायकॉलची वाफ द्या. ते १५ वरून १७ अँगस्ट्रॉमवर फुगतं.

प्रमाण काढायला रिटव्हेल्ड पद्धत, म्हणजे एक्सआरडीचा पूर्ण आलेख हिशेबाने जुळवणं. त्यात तीन गोष्टी बिघडतात. क्लेचे पापुद्रे आडवे झोपतात आणि केओलिनाइट फुगवून दाखवतात. म्हणून नमुना मागून किंवा बाजूने भरा, वरून काचेने दाबू नका. लोहामुळे तांब्याच्या किरणांखाली पार्श्वभूमी चढते. मोनोक्रोमेटर किंवा कोबाल्ट नळी वापरा. पायराइटचे कण भरड राहिले तर ते स्वतःच किरण शोषून कमी दिसतं. अल्कोहोलमध्ये ओलं दळून १० मायक्रॉनखाली आणा. पाण्यात दळू नका, सल्फेट विरघळतात.

मग ताळा. एक्सआरडीने दिलेल्या खनिजांवरून राखेचं रसायन उलट काढा आणि एक्सआरएफच्या आकड्यांसमोर ठेवा. सिलिका, अॅल्युमिना आणि लोह जुळलं पण पोटॅशियम कमी पडलं, तर इलाइट-स्मेक्टाइटचं मॉडेल चुकलंय. चुना राखेत जास्त निघाला तर सेंद्रिय कॅल्शियम किंवा अॅपेटाइट. ताळा न केलेल्या रिटव्हेल्डच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही, मग ग्राफ कितीही सुंदर जुळलेला असो.

खनिज कोणतं, यापेक्षाही मला ते कोळशात कसं बसलंय हे जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी पॉलिश केलेला ठोकळा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. बॅकस्कॅटर प्रतिमेत कोळसा काळा, क्ले आणि क्वार्ट्झ करडं, कॅल्साइट जरा उजळ, सिडेराइट आणखी उजळ आणि पायराइट सगळ्यात लख्ख. व्हिट्रिनाइटमध्ये (कोळशाच्या लाकडापासून बनलेल्या चमकदार भागात) विखुरलेले, काही मायक्रॉनच्या स्फटिककणांचे गोल पुंजके दिसले तर ते फ्रॅम्बॉइड पायराइट. पीट (कोळसा होण्याआधीचा कुजलेल्या वनस्पतींचा थर) अजून मऊ असताना सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंनी दिलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे ते तयार होतं. ते सल्फेट बहुतेक समुद्राच्या पाण्यातून येतं. गोड्या पाण्याच्या दलदलीत सल्फेट तुटपुंजं असतं, तिथे तेच लोह कार्बोनेटकडे वळतं आणि सिडेराइटच्या गाठी बनतात. म्हणूनच तुमच्या हिशेबात पायराइट आणि सिडेराइट दोन्ही निघाले हे मला रोचक वाटतं. पायराइट क्लीटमध्ये, म्हणजे कोळशाच्या नैसर्गिक चिरांमध्ये असेल तर ते नंतर आलेल्या द्रावणांचं, आणि तेव्हा दोन्ही एकाच नमुन्यात असण्यात काही विरोध नाही. फ्रॅम्बॉइड आणि सिडेराइट दोन्ही सुरुवातीचेच निघाले तर नमुना थराच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचं मिश्रण आहे का, ते आधी तपासा.

धुलाईचं गणितही इथेच ठरतं. चिरांमधलं पायराइट आणि सिडेराइटच्या गाठी दळल्यावर सुट्या होतात आणि घनतेच्या फरकामुळे खाली बसतात. फ्रॅम्बॉइड आणि पेशींच्या पोकळ्यांत भरलेलं केओलिनाइट धुवून निघत नाही.

आता आर्सेनिक. जगभरातल्या दगडी कोळशाची सरासरी सुमारे ९ पीपीएम आहे, म्हणजे तुमचे ४० खरंच जास्त आहेत. पहिली शंका पायराइटवर. १०० ग्रॅम कोळशात ४ मिलिग्रॅम आर्सेनिक आणि पायराइट १.१२ ग्रॅम, सगळं त्यातच असेल तर पायराइटमध्ये सरासरी ०.३६ टक्के आर्सेनिक हवं. हे शक्य कोटीतलं आहे आणि इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर सहज मोजता येतं. वेगवेगळ्या पिढ्यांचं पायराइट वेगळं मोजा. अनेकदा आर्सेनिक चिरांमधल्या पायराइटमध्येच एकवटलेलं असतं.

प्रोब नसेल तर क्रमवार विद्रावण करा: अमोनियम अॅसिटेट, मग हायड्रोक्लोरिक, मग हायड्रोफ्लोरिक, शेवटी नायट्रिक आम्ल. पायराइटमधलं आर्सेनिक नायट्रिकमध्ये येतं. हायड्रोक्लोरिकमध्येच बरंच आलं तर नमुना हवेत ऑक्सिडाइज होऊन आर्सेनेट बनलंय. काहीच न विरघळता उरलं तर ते सेंद्रिय असू शकतं, किंवा कोळशाच्या कणात गाडलेलं पायराइट आम्लाला सापडलंच नसेल. म्हणून दळण ७५ मायक्रॉनखालीच हवं. हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी प्लास्टिकची भांडी, धूर-कपाट आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर हा प्रयोग करूच नका. पंचवीस-तीस नमुन्यांत आर्सेनिक आणि लोह एकत्र वाढतात एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. राख वाढली की अर्धी मूलद्रव्यं एकत्रच वाढतात.

प्रयोगशाळेला हेही विचारा की आर्सेनिक कशावर मोजलं. ८१५ अंशांच्या राखेवर मोजलं असेल तर काही भाग उडालेला असू शकतो. पारा तर उरतच नाही. बंद भांड्यात मायक्रोवेव्हने कच्चा कोळसा विरघळवून आयसीपी-एमएसवर (आयनांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणं योग्य. तिथे वस्तुमान ७५ वर आर्गॉन-क्लोराइडचा आयन आर्सेनिकचा बहाणा करतो, म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल टाळून हीलियमची कोलिजन सेल (असे खोटे आयन गाळणारी) चालू हवी, आणि सोबत एनआयएसटी या अमेरिकी प्रमाण संस्थेच्या १६३२ मालिकेतला प्रमाणित कोळसा चालवलेला असावा. दळताना टंगस्टन कार्बाइडची चक्की टंगस्टन आणि कोबाल्ट देते, स्टीलची लोह, क्रोमियम आणि निकेल, अॅगेट वापरा.

नमुना नवीन काढणार असाल तर तो लगेच हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. ओलसर हवेत पायराइटचं काही आठवड्यांतच झोमोल्नोकाइट, रोझेनाइटसारखं लोहसल्फेट होतं, सुटलेलं आम्ल कॅल्साइट खाऊन जिप्सम बनवतं, आणि एक्सआरडीत तुम्हाला खाणीतला कोळसा नव्हे, कपाटातला कोळसा दिसतो. खर्चाला मर्यादा असेल तर आधी कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड मोजून घ्या. वरच्या हिशेबाप्रमाणे तो १.५ ते १.६ टक्के यायला हवा. ०.७ च्या आसपास आला तर सिडेराइट जवळपास नाहीच, आणि त्या १.४९ ग्रॅम आयर्न ऑक्साइडसाठी क्लोराइट आणि इतर क्लेकडे पाहावं लागेल.