माळरान आठ महिने वाळलेलं असतं, मग पावसात एवढं गवत आणि फुलं येतात कुठून? तिथे झाडं लावली तर काय बिघडतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सोलापूर-बारामतीकडच्या माळावर दिवाळीनंतर काडीही हिरवी दिसत नाही, तरी जुलैत तो हिरवागार कसा होतो. आणि गावातली मंडळी दरवर्षी तिथे खड्डे घेऊन रोपं लावतात, त्यात वाईट काय. पहिलं नीट समजलं की दुसरं फारसं समजावून सांगावं लागत नाही, म्हणून आधी पहिलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि माळ हा माझा जुना नाद आहे. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

माळाचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. आपल्याला वर दिसतं ते गवत म्हणजे त्या वर्षीचा फुटवा. ठोंब, म्हणजे मुळांसकट खालचा बुडखा, मात्र कित्येक वर्षांचं असतं. पवन्या, मारवेल, डोंगरी ही माळावरची चांगली गवतं बहुवार्षिक आहेत. पाती वाळतात, मोडतात, गुरं खातात, पण वाढीचा कोंब पार बुडाशी, जमिनीलगत असतो, त्यामुळे त्याला सहसा धक्का लागत नाही. भारतातल्या गवताळ प्रदेशांचं १९७३ साली जे वर्गीकरण झालं, त्यात दख्खनच्या या पट्ट्याला सेहिमा-डायकँथियम प्रकार म्हटलं आहे. सेहिमा म्हणजे आपलं पवन्या आणि डायकँथियममध्ये आपलं मारवेल येतं. म्हणजे शास्त्रज्ञांनीही माळाची ओळख या ठोंबांवरूनच ठरवली.

पण माळाचं वर्ष पावसापासून सुरू होतं, हे तुमच्या प्रश्नातलं गृहीत मला मान्य नाही. ते ऐन चैत्र-वैशाखात सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये, मुरमावर पाय भाजतात तेव्हा, एखाद्या उघड्या जागी जमिनीतून नुसता एक दांडा वर आलेला दिसेल. त्याला पान नाही, आजूबाजूला हिरवं काही नाही, आणि दांड्याला लोंबती मातकट-पांढरी फुलं. हा रानकांदा. त्याची पानं पाऊस पडल्यावर येतात, पावसाळाभर अन्न तयार करून खालच्या कांद्यात भरतात आणि वाळून जातात. त्या शिल्लकीवर तो पुढच्या उन्हाळ्यात फुलतो. इतर वनस्पतींची गर्दी नसताना फुलायचं आणि पाऊस येईपर्यंत बी तयार ठेवायचं, असा त्याचा हिशेब. कांदा मुरमात खोल असतो, उकरल्याशिवाय सापडत नाही. हे लक्षात ठेवा, खड्ड्यांकडे आलो की लागेल.

वळवाची एखादी सर पडली की दुसरी गंमत. अगदी उथळ मातीत, खडकाच्या खळग्यात बोटभर उंचीचं एक गवत असतं, ओरोपेटियम. उन्हाळ्यात त्याची पानं चुरगळलेल्या कागदासारखी होतात, हाताला कुरकुरीत लागतात. सर पडून गेल्यावर तीच जुनी पानं पाणी शोषून पुन्हा हिरवी होतात. नवीन पान फुटायची वाट बघावी लागत नाही. पेशीतलं जवळजवळ सगळं पाणी गेलं तरी न मरणाऱ्या ज्या मोजक्या फुलझाडांवर जगभर काम चालतं, त्यातलं हे एक. २०१५ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. आपण मात्र त्यावर चप्पल ठेवून पुढे जातो.

मग मृग, आर्द्रा. ठोंबांना फुटवे येतात आणि त्याच वेळी कंदवाली मंडळी घाईने वर येतात. पांढऱ्या मुसळीच्या कुळातल्या वनस्पती आणि अशा बऱ्याच. घाई अशासाठी, की गवत अजून घोट्याएवढं आहे. ते गुडघ्यापर्यंत गेलं की बुटक्या फुलाला ना ऊन मिळणार ना कीटक. म्हणून जून-जुलैत फुलणारी बहुतेक झाडं ठेंगणी आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधली उंच किंवा वेलीसारखी, हे तुम्हीही जाऊन पडताळू शकता.

श्रावण-भाद्रपदात कंदीलपुष्पं येतात. गवतात गुंतलेला बारीक वेल, आणि त्याला फुगीर बुडाची, नळीसारखी फुलं. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाने आत शिरते आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. ती आत फिरते, परागांच्या पुडक्या तिला चिकटतात. नंतर केस मलूल पडतात आणि माशी सुटते, ती दुसऱ्या फुलात अडकायला. कंदीलपुष्पाच्या काही जाती फक्त महाराष्ट्रातच सापडतात. त्यांचाही जीव कंदात. मेंढपाळांना हे कंद चांगले माहीत आहेत, ते उकरून खातातही.

याच सुमारास दुधाळीची गुलाबी फुलं दिसू लागतात. देखणी आहे, पण ती शेजारच्या गवताच्या मुळाला मूळ जोडून पाणी आणि क्षार ओढते. टारफुला त्याहून पक्का. ज्वारीतल्या टारफुल्याला शिव्या न घालणारा शेतकरी सोलापूर जिल्ह्यात मिळायचा नाही, पण त्याच्या काही जाती माळावरच्या गवतावरही वाढतात. धुळीएवढं बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं. गवताच्या मुळातून पाझरणारं ठरावीक रसायन पोचलं तरच ते रुजतं, नाहीतर नाही. पाऊस कितीही पडो.

आता कुसळी हे गवत. माळावर फिरलेल्या प्रत्येकाच्या पायमोज्याला तिची ओळख आहे. हस्ताचा पाऊस संपत आला की तिची काळपट कुसळं एकमेकांत गुंतून वेण्या होतात. त्यातलं एक सोडवून नीट बघा. खाली सुईसारखं टोक, टोकावर मागच्या दिशेने वळलेले केस, वर पीळ पडलेली लांब शेपटी. ओल्या तळहातावर ठेवलंत तर शेपटीचा पीळ सुटताना बी गोल फिरताना दिसेल. वाळलं की पीळ पुन्हा बसतो, बी उलटं फिरतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांवर हा खेळ चालतो. केस मागे वळलेले असल्यामुळे बी पुढे सरकतं, मागे येत नाही, आणि बघता बघता मातीत रुतून बसतं. मेंढीच्या लोकरीतही ते असंच शिरतं आणि कधी कातडीपर्यंत पोचतं, म्हणून मेंढपाळ कुसळीला वैतागतात.

एवढं करून ते बी लगेच रुजत नाही. त्याला काही महिने सुप्तावस्था असते. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तरी ते ढिम्म. रुजलं असतं तर पुढच्या कोरड्या सात महिन्यांत मेलंच असतं. रुतून बसण्याचा दुसरा फायदा वणव्यात कळतो. गवताची आग झरकन पुढे जाते, आणि मातीच्या पातळ थराखाली फारशी धग पोचत नाही. वर काळं होतं, बी शाबूत राहतं.

वणव्याचा विषय निघालाच आहे तर पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथल्या गवताळ भागातली एक नवी नोंद सांगतो. आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली तिथून डिक्लिप्टेरा पॉलीमॉर्फा ही नवी जात वर्णन केली. ती वर्षात दोनदा फुलते. पावसाळा संपल्यावर एकदा, आणि उन्हाळ्यात लोकांनी गवत पेटवल्यावर जमिनीखालच्या लाकडी बुडातून पुन्हा एकदा. शहराच्या इतक्या जवळची, अशी वेगळी सवय असलेली वनस्पती इतकी वर्षं बिननावाची राहिली, कारण फेब्रुवारी ते मे कुणी माळावर जातच नाही. फोटो टाकायला सगळे ऑगस्टात. (म्हणून आता काडी लावत सुटू नका. दरवर्षी पेटवलं तर जमिनीवरची घरटी, किडे आणि चारा सगळंच जातं.)

आता झाडांचं. इथे पाऊस साधारण ४०० ते ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि खाली मुरूम. इथली गवतं कडक ऊन आणि उष्णता यांचा फायदा घेऊन अन्न बनवणाऱ्या गटातली आहेत. सावलीत ती हरतात. रोपं जगली तर ती सावलीनेच गवत मारतील. आणि बहुतेक रोपं जगत नाहीत, तेव्हाही नुकसान झालेलं असतंच, कारण खड्डे आणि चर आधीच खणलेले असतात. उन्हाळ्यात जेसीबी माळावर फिरतो तेव्हा ‘इथं काय आहे’ असं म्हणून रानकांदे, कंदीलपुष्पांचे कंद आणि जुनी ठोंबं एकत्रच उपसली जातात. गवत काही वर्षांत परत दिसू लागतं, पण ते बहुधा कुसळीसारखं टणक असतं. कंदवाल्या वनस्पती नांगरलेल्या किंवा खणलेल्या जागी फार सावकाश परततात. त्यात ग्लिरिसिडिया, सुबाभूळ अशी बाहेरून आणलेली, झपाट्याने वाढणारी झाडं लावली की विषयच संपला.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की मुळात इथं जंगल होतं, माणसाने तोडलं म्हणून माळ झाला. काही डोंगरउतारांबद्दल ते खरं असेल. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी कथा-ओव्यांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की इथं किमान साडेसातशे वर्षं तरी असाच काटेरी, विरळ झाडांचा माळ आहे. हिवर, बोर, तरवड ही त्या माळाचीच झाडं. ती असतात, पण लांब लांब, ओढ्याकाठी जरा दाट. माळाला झाडांचं वावडं नाही, ओळीत लावलेल्या झाडांचं आहे.

चराईबद्दलही दोन शब्द, कारण दुसरं टोक म्हणजे कुंपण घालून सगळं बंद करणं. अतिचराईने पवन्या जातं, कुसळी वाढते, आणखी चरलं तर कुसळीहूनही निकृष्ट गवतंच उरतात. पण चराई पूर्ण बंद केली की वाळलेल्या गवताचा थर साचून नवे फुटवे दबतात. धनगरांचे बरेच कळप दिवाळीनंतर कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे कोरड्या दिवसांत माळावरचा भार हलका होतो. पण पावसाळ्यात कळप इथेच असतात, आणि जुलै ते ऑक्टोबर हाच बहुवार्षिक गवताचा फुलून बी धरायचा काळ. तेवढ्यापुरता माळाचा एक तुकडा आळीपाळीने राखला तरी पुष्कळ होतं.

चांगला माळ बघायचा असेल तर सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी किंवा बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, यातलं जवळ पडेल तिथे जा; सप्टेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा. नंतर आपल्या गावच्या माळावर सप्टेंबरातच एक फेरी मारा. पवन्या-मारवेलची ठोंबं, मध्ये मध्ये कंदीलपुष्प किंवा दुधाळी दिसली, तर तिथे खड्डे घेऊ नका असं ग्रामसभेत आधीच सांगून ठेवा. मे महिन्यात सांगून उपयोग नसतो, तोवर रोपं आणि मशीन दोन्ही ठरलेली असतात. रोपं आलीच असतील तर शाळेचं आवार, रस्त्याच्या कडा आणि शेताचे बांध रिकामे आहेत.